'ओहोटी'चे मुखपृष्ठ: हाताने बांधलेल्या चित्रपुस्तकाविषयी कुतूहल कसे जागवावे?

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे माझ्या उत्तराचा रोख इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. हाजी अली, वरळी आणि वांद्रे येथील खडकांवर वर्षभर ओहोटीच्या वेळी जाऊन केलेल्या रेखाटनांवरून तुम्ही 22 लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापायची चित्रे) कोरले, ते हाताने छापले, फर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, स्वतः शिवले आणि 'ओहोटी' या नावाच्या पुस्तकाच्या 30 प्रती काढायचे ठरवले. पहिली प्रत एका प्रदर्शनात टेबलावर ठेवली, तेव्हा लोक थांबले, मुखपृष्ठ पाहून "छान आहे" म्हणाले आणि बहुतेक जण पुस्तक न उघडताच पुढे गेले. आतली चित्रे चांगली आहेत, हे ज्यांनी उघडले त्यांनी सांगितले. तेव्हा लोकांना पुस्तक उघडावेसे वाटेल असे मुखपृष्ठ कसे करावे, असा तुमचा प्रश्न आहे.

सध्याच्या मुखपृष्ठाचे तुम्ही जे वर्णन केले आहे, त्यात उत्तराचा निम्मा भाग आहे. त्यावर आतल्या चित्रांपैकी आठ जीव एकत्र मांडले आहेत, सोनेरी अक्षरांत नाव आहे, नावाखाली 'मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरील जीवसृष्टी' अशी ओळ आहे, त्याखाली तुमचे नाव आहे आणि वर चकचकीत लॅमिनेशन आहे. टेबलापाशी उभ्या राहिलेल्या माणसाला पुस्तक कशाचे आहे, आत काय आहे, चित्रे कोणत्या शैलीतली आहेत आणि कोणी काढली आहेत, हे सगळे हात न लावता कळते. त्याच्या मनात प्रश्न उठण्याआधीच त्याला उत्तर मिळते, आणि उत्तर मिळालेला माणूस पुढच्या टेबलाकडे वळतो यात त्याची काही चूक नाही. तुम्ही मुखपृष्ठाकडून सूचीपत्राचे काम करून घेतले आहे.

मी 27 वर्षे गिरगावात पुस्तके बांधतो आहे, त्यांतली शेवटची 15 वर्षे प्रामुख्याने चित्रकारांची मोजक्या प्रतींची पुस्तके. या काळात मुखपृष्ठांबाबत सर्वाधिक वेळा पाहिलेली चूक हीच आहे, आणि तिचे कारण समजण्यासारखे आहे. आपल्या डोळ्यांपुढे मुखपृष्ठाची जी परंपरा आहे ती दुकानातल्या आणि रस्त्यावरच्या स्टॉलवरच्या पुस्तकांची आहे. दीनानाथ दलाल किंवा रघुवीर मुळगावकर या चित्रकारांची मुखपृष्ठे दोरीला टांगलेल्या पन्नास अंकांमधून, रस्त्याच्या पलीकडून ओळखू यावीत अशी होती, आणि त्या कामात ती अतुलनीय होती. मात्र त्या अंकांच्या हजारो प्रती निघत आणि प्रत्येकीला गर्दीत स्वतःचा आवाज चढवावा लागे. तुमचे पुस्तक तीसच जणांकडे जाणार आहे आणि ते पाहणारा माणूस त्यापासून हातभर अंतरावर उभा असतो. त्याला दुरून हाक मारण्याची गरज नाही. तो आलेलाच आहे, आता त्याचा हात पुढे यायला हवा. म्हणून मी मुखपृष्ठाचा विचार करताना डोळ्याला काय दिसेल हे दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. हात कुठे जाईल आणि तिथे गेल्यावर काय करील, हे पहिले.

कुतूहल म्हणजे नेमके काय, याविषयी अमेरिकन अभ्यासक जॉर्ज लोवेन्स्टाइन यांनी 1994 साली मांडलेला विचार मला माझ्या कामात फार उपयोगी पडला आहे. आपल्याला जे माहीत आहे आणि जे माहीत करून घ्यावेसे वाटते, त्यांच्यामधील दरी जाणवली की कुतूहल जागे होते, असे ते मांडतात. यात महत्त्वाची गोष्ट अशी की दरी जाणवण्यासाठी अलीकडचा काठ पायाखाली असावा लागतो. ज्याला काहीच सांगितलेले नाही त्याला काही राहून गेल्याची जाणीवही होत नाही. त्यामुळे सगळे सांगणारे मुखपृष्ठ जसे फसते, तसेच काहीच न सांगणारेही फसते, आणि पहिल्या चुकीतून बाहेर पडणारा कलावंत बहुधा थेट दुसऱ्या चुकीत जाऊन पडतो.

मी स्वतः त्यात पडलो होतो. आजोळच्या कोकणातल्या घराची, आता पडून गेलेल्या घराची, रेखाटने मी एका पुस्तकात बांधली आणि त्याला काळे कापड चढवले. वर नाव नाही, चित्र नाही, कण्यावरही काही नाही. गूढता आपोआप येईल असे मला मनापासून वाटले होते. काळा घोडा परिसरातल्या एका प्रदर्शनात ते पुस्तक तीन दिवस टेबलावर होते आणि तिसऱ्या दिवशी एका बाईंनी, आत कोरी पाने आहेत का आणि अशा वह्या आणखी मिळतील का, असे अगदी आपुलकीने विचारले. त्या प्रश्नाने मला जे शिकवले ते कोणत्याही वर्गात शिकलो नव्हतो. त्या काळ्या कापडात काही दडले आहे, हे कळण्याची एकही खूण मी ठेवली नव्हती.

पुढच्या प्रतींमध्ये मी कापड तेच ठेवले आणि एकच बदल केला. जिथे पुस्तक उघडताना उजव्या हाताचा अंगठा टेकतो, त्या उजव्या कडेजवळ, पुठ्ठ्यात खोलगट करून दाराच्या कडीचा आकार दाबला. रंग नाही, फक्त ठसा. उजेड तिरका पडला तरच तो दिसे, पण एकदा दिसला की बोट तिथे जाई, आणि बोट तिथे गेले की पुढची हालचाल पुस्तक उघडण्याचीच असे. कडी दिसल्यामुळे हे दार आहे एवढे कळते. दाराआड काय आहे ते कळत नाही. त्या घराचे दार पुन्हा कधी उघडता येणार नाही, हे पुस्तकाचे मर्म होते आणि वाचणारा माणूस नकळत त्या मर्मावरच बोट ठेवत होता. तेव्हापासून मी एक गोष्ट कसोशीने पाळतो: मुखपृष्ठ ज्या हालचालीची मागणी करते, ती हालचाल पुस्तकाच्या आशयातून आलेली असावी. नुसती युक्ती असेल तर माणूस ती करून पाहतो, हसतो आणि पुस्तक खाली ठेवतो.

आपल्याकडे याचे संस्कार जुने आहेत. पोथी दोन लाकडी फळ्यांमध्ये ठेवून रुमालात बांधलेली असे. गाठ सोडायची, कापडाचे पदर एकेक करून बाजूला करायचे, मग फळी उचलायची आणि मगच पहिले पान दिसायचे. पेशवे दफ्तरातल्या कागदांच्या गठ्ठ्यांना आजही 'रुमाल' म्हणतात, इतके ते बांधणे आणि सोडणे त्या कागदांशी एकरूप झाले आहे. व्यापाऱ्यांच्या लाल कापडी चोपड्यांना गुंडाळलेली दोरी हीसुद्धा तशीच. माझ्या पिढीतल्या पुष्कळांना 'आवाज' या दिवाळी अंकाच्या खिडक्या आठवत असतील. वरच्या पानाला पाडलेल्या खिडकीतून आतल्या चित्राचा एक तुकडा दिसे, त्यावरून मन भलताच तर्क करी आणि पान उलटले की तोच तुकडा पूर्ण चित्रात निराळाच निघे. विषय विनोदाचा असला तरी त्यामागची रचना फार काटेकोर होती. जे दिसते ते खोटे नसते, अपुरे असते. आणि पूर्ण झाल्यावर आधीच्या तर्काचा आनंद दुप्पट होतो. मुखपृष्ठाला मी हीच कसोटी लावतो.

आता तुमच्या पुस्तकाकडे येतो. मुखपृष्ठाचा विचार करायला बसण्यापूर्वी सर्व 22 चित्रे एकदा शेवटपासून सुरुवातीपर्यंत, उलट्या क्रमाने पाहा आणि पुस्तक मिटून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी न उघडता स्वतःला विचारा की या पुस्तकात घडते काय. जीव कोणकोणते आहेत हे उत्तर नको, ती यादी झाली. तुमच्या वर्णनावरून मला जे दिसते ते असे: पाणी खाली जाते आणि जे रोज आपल्या शेजारी असते पण कधीच दिसत नाही, ते काही तासांपुरते उघडे पडते. दोन ओहोट्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते. म्हणजे हे उघडे पडणे आणि झाकले जाणे मुंबईत दिवसातून साधारण दोनदा चालते आणि त्या खडकांवरच्या कठड्याला टेकून उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा पत्ता नसतो. हाजी अलीचा रस्तासुद्धा भरतीत पाण्याखाली जातो आणि ओहोटीत पुन्हा वर येतो. तुमच्या पुस्तकाची हालचाल ही आहे: पाणी खाली सरकते. मग मुखपृष्ठाने वाचकाच्या हातून तेच करून घ्यायला हवे.

तुमच्या शीर्षकात यासाठी एक देणगी दडलेली आहे, जी रोमन अक्षरांत लिहिणाऱ्याला मिळाली नसती. 'ओहोटी' हा शब्द देवनागरीत मोठा लिहा आणि त्याची शिरोरेषा पाण्याची पातळी आहे असे समजून पाहा. रेषेच्या वर काय उरते? ओ आणि हो यांच्या दोन मात्रा आणि टी ची वेलांटी. बाकी सगळा शब्द रेषेखाली, म्हणजे पाण्याखाली. केवळ त्या तीन खुणा पाहून मराठी माणूस हा एखादा शब्द आहे हे चटकन ओळखेल, कारण मात्रा आणि वेलांटी आपल्या डोळ्यांत लहानपणापासून बसलेल्या आहेत. पण शब्द कोणता हे त्याला सांगता येणार नाही. लोवेन्स्टाइन ज्या दरीविषयी बोलतात ती इथे तीन फटकाऱ्यांत तयार होते. अलीकडचा काठ आहे, पलीकडचा दिसत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की मुखपृष्ठाच्या खालच्या भागावर कागदाचा रुंद पट्टा असावा, जो पुस्तकाला चारही बाजूंनी वेढून बसेल आणि खाली सरकवता येईल. तुमचे पुस्तक 18 बाय 24 सेंटीमीटरचे आहे. पट्टा तळापासून सुमारे 16 सेंटीमीटर उंच ठेवलात तर वर 8 सेंटीमीटर मोकळे कापड राहील. पट्ट्याची वरची कड हीच शिरोरेषा. तिच्या वरच्या मोकळ्या कापडावर दोन मात्रा आणि एक वेलांटी, छापलेल्या. पट्टा खाली सरकवू लागले की अक्षरे वरून खाली उघडी होत जातील, अगदी ओहोटीत खडक उघडे पडतात त्याच क्रमाने, आणि ती अक्षरे छापलेली नसतील, कापडात खोल दाबलेली असतील, म्हणजे पाण्याने मागे ठेवलेल्या खुणांसारखी दिसतील. शब्द पूर्ण वाचता येतो त्या क्षणी वाचकाने त्याचा अर्थ स्वतःच्या हाताने केलेला असतो. त्यानंतर तो पुस्तक न उघडता खाली ठेवील असे मला वाटत नाही.

पट्ट्यावर काहीही छापू नका. अक्षरांच्या खाली उरलेल्या जागेत एखादा छोटासा शंखातला खेकडा कोरून ठेवण्याचा मोहही तुम्हाला होईल, कारण तुमचा हात त्यात वाकबगार आहे. तो मोह आवरावा. वाचकाने एकदा शोध लावला की त्याला लगेच दुसरा शोध लावायला सांगितले तर पहिल्याची किंमत कमी होते. खेकडे आत आहेत, ते तिथेच भेटू देत.

पट्ट्यासाठी मी हातकागद सुचवतो. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला कागद मिळतो आणि त्याच्या चारही कडा कापलेल्या नसतात. साच्यात लगदा जिथे पातळ होत जातो तिथे त्या आपोआप वेड्यावाकड्या, विरळ झालेल्या असतात. तीच न कापलेली कड पट्ट्याच्या वरच्या बाजूला ठेवा. वाळूवर चढून परत गेलेल्या लाटेची रेघ अशीच असते आणि ती काढून दाखवावी लागत नाही. वजन 200 ते 250 ग्रॅम प्रति चौरस मीटर पुरे. त्याहून जाड कागद कण्यावर आणि कडेवर नीट वळत नाही. दुमड घालण्यापूर्वी हाडाच्या पट्टीने (कागद दुमडण्याच्या बोथट साधनाने) रेघ दाबून घ्यावी, म्हणजे तंतू फुटत नाहीत.

पट्टा हा या संपूर्ण रचनेचा सर्वांत नाजूक भाग आहे, त्यामुळे त्याबाबत जरा विस्ताराने लिहितो. तो पुस्तक पूर्ण तयार होऊन, दाबाखाली वाळून, किमान आठवडाभर तसेच राहिल्यानंतरच मापून करावा, आधी कधीही नाही. प्रत्येक प्रतीसाठी वेगळे माप घ्यावे, कारण हाताने शिवलेल्या 30 प्रतींची जाडी कधीच सारखी नसते. माप घेताना पुस्तकाभोवती जाडसर कागदाचा एक वेढा द्यावा, त्यावरून पट्टा गुंडाळून मागच्या बाजूला 12 मिलिमीटरचा जोड चिकटवावा आणि जोड वाळल्यावर आतला कागद ओढून काढावा. त्यामुळे राहिलेली फट पट्टा सरकायला पुरेशी आणि आपोआप घसरू नये इतकी कमी असते. पावसाळ्यात पाने दमट होऊन पुस्तक फुगते आणि हिवाळ्यात आक्रसते, त्यामुळे डिसेंबरमध्ये घट्ट बसणारा पट्टा जुलैत निघत नाही आणि जोर लावला की कापडावर घासल्याचे डाग पडतात. घट्टपणापेक्षा थोडे सैल असणे बरे.

रंगाविषयी माझे मत ठाम आहे. निळा वापरू नका. निळा समुद्र कुठल्याही पर्यटन माहितीपत्रकावर असतो आणि तो पाहिला की मन "समुद्र" असे म्हणून झोपी जाते. मुंबईचा समुद्र किनाऱ्याजवळ मातकट राखाडी असतो, उधाणात आणखी गढूळ होतो आणि ओल्या खडकांचा काळा रंग हिरवट झाक घेऊन येतो. ज्याने वरळीच्या कठड्यावर दहा मिनिटे काढली आहेत त्याला हा रंग ओळखीचा वाटेल, पण कशामुळे ते लगेच सांगता येणार नाही, आणि तेही तुमच्या फायद्याचेच आहे. मंगळदास मार्केटमध्ये साधे, घट्ट विणीचे, न चमकणारे सुती कापड या छटांमध्ये सहज सापडेल. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. तुकडा घेऊन थेट खडकांवर जा आणि ओल्या दगडाशेजारी धरून पाहा.

बाजारातले साधे कापड थेट पुठ्ठ्यावर चिकटवता येत नाही, कारण गोंद विणीतून वर येतो आणि डाग पडतात. त्याला आधी मागून पातळ टिश्यू कागदाचे अस्तर लावावे लागते. त्यासाठी खळ वापरा. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घेऊन, मंद आचेवर सतत ढवळत, पारदर्शक चकाकी येईपर्यंत शिजवलेली खळ गार करून गाळून घ्या. आपल्याकडचे जुने कारागीर कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालत. तुम्ही घालू नका, कारण तांब्याचे क्षार कालांतराने कागदाला जाळतात आणि तुमची चित्रे त्या कागदाला लागूनच राहणार आहेत. खळ रोज ताजी करावी हा त्यावरचा साधा उपाय आहे. अस्तर लावलेले कापड काचेवर किंवा फॉर्मायकावर ताणून रात्रभर वाळू द्या. पुठ्ठ्यावर चढवताना मात्र निम्मी खळ आणि निम्मे फेविकॉल असे मिश्रण वापरले तर हात फिरवायला वेळही मिळतो आणि पकडही पक्की बसते.

दाबलेल्या अक्षरांसाठी यंत्राची गरज नाही. मुखपृष्ठाच्या पुठ्ठ्यावर 1 मिलिमीटर जाडीचा दुसरा पुठ्ठा चिकटवायचा आहे. चिकटवण्यापूर्वी त्यातून शिरोरेषेसह अक्षरे कापून काढायची, म्हणजे जिथे अक्षर आहे तिथे खड्डा राहतो. मग ओलसर कापड चढवून हाडाच्या पट्टीच्या टोकाने ते खड्ड्यांच्या कडांमध्ये संयमाने बसवत जायचे. यासाठी अक्षरांचे फटकारे किमान 4 मिलिमीटर रुंद हवेत. त्याहून बारीक खाचेत अस्तर लावलेले कापड शिरत नाही आणि वरून ताणलेले राहते. छापील फाँट घेऊन कापू नका. तुम्ही लिनो कोरता, तुमच्या हाताला काळ्या-पांढऱ्याचे वजन कळते. ही तीन अक्षरे स्वतः काढा. ट ची पोकळी मोकळी ठेवा, ह चा खालचा फाटा फार वेटोळा करू नका आणि आतल्या चित्रांत तुमच्या पात्याची जी धार दिसते तीच अक्षरांत येऊ द्या. मात्रा आणि वेलांटी छापण्याचे काम कापड चढवून पूर्ण वाळल्यावर करावे, म्हणजे त्या खालच्या दाबलेल्या रेषेला अचूक मिळतील. आतल्या चित्रांसाठी वापरलेली तीच तेलाधारित शाई वापरा आणि ती कोरडी होण्यास दमट हवेत अनेक दिवस लागतात हे लक्षात ठेवून घाई करू नका. पट्टा त्या भागावरून सरकत नाही, पण बोटे तिथेच टेकतात.

उरलेल्या तांत्रिक गोष्टी तुम्हाला ठाऊक असतील, म्हणून त्या भराभर सांगतो. या आकारासाठी मूळ पुठ्ठा 2 मिलिमीटरचा घ्या, वरचा थर धरून तो 3 होईल. मलपृष्ठाचा पुठ्ठा सरळ 3 मिलिमीटरचा ठेवा म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वाटतील. पुठ्ठा आणि कागद दोन्हींचे तंतू कण्याला समांतर असावेत. दोन्ही दिशांनी हलके वाकवून पाहिले की ज्या दिशेने सहज वाकते ती तंतूंची दिशा. बाहेरून कापड चढवले की पुठ्ठा बाहेरच्या बाजूला वाकणार, आणि आतून अस्तराचा कागद, म्हणजे मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूचा कागद, चिकटवल्यावरच तो सरळ येतो, त्यामुळे मधल्या अवस्थेत घाबरून जाऊ नका. कण्याशेजारची खाच 8 मिलिमीटर, कडेला पानांपेक्षा 3 मिलिमीटर जास्त आणि वळवण्यासाठी कापड 15 मिलिमीटर, एवढे पुरे.

मुखपृष्ठ उघडल्यानंतर लगेच काय दिसते याचाही विचार मुखपृष्ठाबरोबरच करावा लागतो, कारण जागवलेले कुतूहल पहिल्या दोन पानांत विझू शकते. तुमच्या सध्याच्या प्रतीत अस्तराच्या कागदावर पुन्हा तेच आठ जीव आहेत आणि मग शीर्षकाचे पान येते. ज्याने आत्ताच स्वतःच्या हाताने शीर्षक शोधले त्याला ते पुन्हा छापून दाखवू नका. अस्तराला ओल्या वाळूच्या रंगाचा कोरा कागद लावा, त्यानंतर थेट पहिले चित्र येऊ द्या, आणि तुमचे नाव, वर्ष, प्रतीचा क्रमांक व कागदाचा तपशील शेवटच्या पानावर द्या. मलपृष्ठावर पाठराखण, म्हणजे पुस्तकाची ओळख करून देणारा मजकूर, नको. कण्यावर मात्र शीर्षक पूर्ण हवे, कारण कपाटात उभे राहिल्यावर पुस्तक सापडले पाहिजे. तिथे लपवाछपवी करणे हा वाचकावर अन्याय आहे.

तिसाव्या प्रतीपर्यंत जाण्यापूर्वी साध्या पुठ्ठ्यावर एक कच्चा नमुना करा आणि पाच वेगवेगळ्या माणसांच्या हाती द्या. त्यांत एक तरी असा असावा जो चित्रकलेशी संबंधित नाही. पुस्तक कसे वाटले हे विचारू नका, सभ्य माणसे चांगलेच सांगतात. काही न बोलता त्यांच्या हाताकडे पाहा: हात कुठे गेला, पट्टा सरकतो हे त्याला कळले का, की तो वर ओढून काढू लागला. मग नमुना परत घ्या आणि आत काय असेल असे वाटते, एवढेच विचारा. पाचही जणांनी एकच बरोबर उत्तर दिले तर मुखपृष्ठ जास्त बोलते आहे. पाचही जण "काही कल्पना नाही" म्हणाले तर ते काहीच बोलत नाही. प्रत्येकाने वेगळा तर्क केला आणि तो खरा आहे का हे पाहण्यासाठी हात पुन्हा पुढे आला, तर प्रमाण जमले आहे असे समजा. माझ्या अनुभवात पहिल्या नमुन्यात ते क्वचितच जमते. बहुतेक वेळा पट्टा एक-दोन सेंटीमीटर खाली घ्यावा लागतो, म्हणजे रेषेखालचा किंचित भाग, खोल अक्षरांच्या माथ्याची सावली, आधीच दिसते आणि खाली आणखी काही आहे हे बोटाला कळते.

प्रदर्शनात पुस्तक काचेखाली ठेवू नका आणि हात लावू नये अशी पाटीही लावू नका. 30 पैकी एक प्रत हाताळण्यासाठी आहे असे पहिल्यापासून धरून चाला; तिचा पट्टा फाटेल, म्हणून तिच्यासाठी तीन जादा पट्टे करून ठेवा. हातमोजे देण्याची आवश्यकता नाही. मोजे घातल्यावर बोटांना कागदाची कड नीट लागत नाही आणि पाने जास्त फाटतात. स्वच्छ, कोरडे हात पुरेसे आहेत. टेबलाजवळ एक ओला आणि एक सुका पंचा ठेवला की लोक न सांगता हात पुसून घेतात. पुस्तक सपाट ठेवण्याऐवजी पुढची कड वाचकाकडे थोडी उतरती करून ठेवा आणि दिवा बाजूने, तिरका येऊ द्या. समोरून पडणाऱ्या प्रकाशात दाबलेली अक्षरे सपाट दिसतात आणि तुमची सगळी मेहनत अदृश्य होते.

आता वेळेचे सांगतो. पुठ्ठे, कापड आणि चिकटवण्याचे काम मे संपण्याच्या आत उरका. जून ते सप्टेंबर मुंबईत खळ वाळण्यापूर्वी तिला बुरशी धरते आणि दाबाखालून काढलेले पुठ्ठे चार दिवसांत पुन्हा वाकतात. त्या चार महिन्यांत प्रती कोऱ्या कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा कपाटात, भिंतीला न टेकवता आडव्या ठेवा. पट्ट्यांचे माप ऑक्टोबर सरत आल्यावर, हवा कोरडी झाल्यानंतर घ्या. कच्चा नमुना तयार झाला की घेऊन या. खाचेत कापड बसवताना पहिल्या एक-दोन प्रती आपण सोबत करू.